वाकळ म्हटलं म्हणून काय बिघडलं?

*बाई, नमस्कार. माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. आम्ही राजारामपुरीत राहतो. गेल्या महिन्यात पालकसभेत मिस म्हणाल्या, ह्याची व्होकॅब्युलरी वीक आहे, घरी इंग्लिश बोलत जा. तेव्हापासून मी फ्लॅशकार्डं आणलीत, एक वही केलीय. रोज दहा शब्द पाठ करून घेते, पाच इंग्रजी, पाच मराठी. रविवारी विचारलं की निम्मे विसरलेला असतो. मग माझा आवाज चढतो, तो रडतो. मराठीही धड नाही, 'ते हे कर ना', 'ते काय ते' असंच चालतं. त्यात सासूबाई कागलकडच्या. त्यांचे काही शब्द तर मलाही कळत नाहीत. परवा हा वर्गात 'वाकळ' म्हणाला तर पोरं हसली. घरी येऊन म्हणतो, आज्जी चुकीचं बोलते. त्याच्यासमोर जरा शुद्ध बोला असं सासूबाईंना सांगायचं मनात आहे, पण कसं सांगू? मिस्टरांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, ते रात्री नऊला येतात. फुटबॉलचा विषय निघाला की मात्र पोरगं तासभर बोलतं. आमच्या ग्रुपवर मेसेज आला होता की लहानपणी कानावर तीन कोटी शब्द कमी पडले तर मूल कायमचं मागं राहतं. खरं आहे का? मला उशीर झाला का?*

*– एक आई, कोल्हापूर*

ताई,

उशीर झालेला नाही. हे पहिल्यांदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. शब्द शिकायचं वय आठव्या वर्षी संपत नाही. मी साठी ओलांडली तरी परवाच एक नवा शब्द शिकले, तोही रिक्षावाल्याकडून.

आता सासूबाईंचं. त्यांना काहीही सांगू नका. घरात वाद नको म्हणून मी हे म्हणत नाही. मुलाचे शब्द वाढवायला निघालाय आणि पहिलं काम काय, तर घरात सगळ्यांत जास्त शब्द ज्यांच्याकडं आहेत त्यांनाच गप्प करायचं?

हे मी शहाणपणानं सांगत नाही, स्वतः करून बसलेय म्हणून सांगते. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं, चौथीचा वर्ग, करवीर तालुक्यातलं गाव. सकाळी हजेरी घेत होते. एक पोरगा धावत आला, हातात स्टीलचा लहान डबा, आणि दारातूनच ओरडला, "बाई, आमची म्हस व्याली!" मी नवी, डी.एड.चं सगळं ताजं. म्हटलं, "म्हस नाही, म्हैस. नीट म्हण बघू." तो थांबला. "म्हैस," म्हणाला आणि जाग्यावर जाऊन बसला. रेडी झाली की रेडा, रात्री किती वाजता, कोण कोण उठलं, बॅटरी कुणी धरली, ते सगळं त्याच्या पोटातच राहिलं. मधल्या सुट्टीत डबा माझ्या टेबलावर ठेवून गेला. त्यात चीक होता.

दिवाळीपर्यंत त्या पोरानं आपण होऊन हात वर केला नाही. 'म्हैस' मात्र त्यानंतर कायम बरोबर लिहायचा.

तुमच्या मुलानं वर्गात 'वाकळ' म्हटलं. काय चुकलं? जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक टाकून, धावदोरा घालून शिवलेलं जे पांघरूण असतं त्याला आपल्याकडं वाकळ म्हणतात. गोधडी म्हणतात तेही बरोबर. ब्लँकेट म्हणजे मात्र वाकळ नव्हे. ब्लँकेट दुकानात मिळतं. हसलेल्या पोरांना तो शब्द माहीत नव्हता, एवढाच प्रकार आहे. पोरं हसतातच, त्यांचा राग धरू नका.

पण 'आज्जी चुकीचं बोलते' हे त्याच्या डोक्यात तसंच राहू देऊ नका. आज रात्री झोपताना, त्या वाकळेवरच बसून, आज्जीच्या देखत सांगा: आज्जीजवळ वाकळ म्हण, वर्गात गोधडी म्हण, मिसला क्विल्ट म्हण. तुझ्याकडं तीन आहेत. मग त्याला आज्जीकडं ढकला. हा हिरवा तुकडा कुणाच्या लुगड्याचा? हा काठ कुठल्या लग्नातला? हे ठिगळ कशाला लावलं? इथं उसवलंय, हे कोण शिवणार? लुगडं, काठ, पदर, ठिगळ, टाका, अस्तर, उसवणं, दुमडणं हे सगळं एका पांघरुणात निघेल, आणि बरोबर दोन-तीन माणसांच्या गोष्टी निघतील. त्याला ते पाठ करावं लागणार नाही.

कुठं काय बोलायचं हे मुलांना आपल्या अंदाजापेक्षा लवकर कळतं. गल्लीत 'लै भारी' म्हणणारं पोरगं वक्तृत्व स्पर्धेत 'अतिशय सुंदर' म्हणतंच की. घरची बोली काढून घेतली म्हणून प्रमाण मराठी सुधारत नाही. पोरगं दोन्हीकडं अडखळायला लागतं, एवढंच होतं. सासूबाईंच्या बोलण्यात तर निम्मा कर्नाटकही सापडेल. टोपलीला त्या 'बुट्टी' म्हणत असतील तर तो शब्द कन्नडमधून आलेला आहे. सीमेवरच्या माणसाकडं हे असतं, पुण्याच्या माणसाला ते विकत घ्यावं लागेल.

आता दुसरी गोष्ट. ती तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या पत्रात आहे. 'ते हे कर ना.' ह्यातला 'कर' बघा.

फ्लॅशकार्डांवर काय असतं? सफरचंद, हत्ती, विमान, जिराफ. सगळी नामं. कोल्हापुरात जिराफाशी माणसाचा संबंध येतोच किती? आजकालच्या मुलांना वस्तूंची नावं बऱ्यापैकी येतात, इंग्रजीत तर घडाघडा येतात. आटत चाललीत ती क्रियापदं. कट कर, ओपन कर, क्लीन कर, मिक्स कर. एक 'कर' आणि त्याच्या पुढं इंग्रजी शब्द, झालं वाक्य. ह्या एका 'कट कर'खाली काय काय गाडलं गेलंय ते मोजा: कांदा चिरतात, मेथी खुडतात, गवारी मोडतात, वाटाणे सोलतात, आलं किसतात, लसूण ठेचतात, नारळ फोडतात आणि मग खवतात. केस कातरतात, फांदी छाटतात, पेन्सिल तासतात, ऊस तोडतात. 'क्लीन कर'चंही तेच. कपडे धुतात, भांडी घासून विसळतात, बादली खंगाळतात, लादी पुसतात, अंगण झाडतात, तांदूळ निवडतात, शेंगा पाखडतात, पालेभाजी धुऊन निथळत ठेवतात. प्रत्येक शब्दात हात वेगळा चालतो. म्हणून तर शब्द वेगळा आहे.

हे कार्डावर शिकवता येत नाही. 'खुडणे' ह्याचं चित्र काय काढणार?

म्हणून रविवारी सकाळी वही बंद. कपिलतीर्थ मंडईत त्याला घेऊन जा, पिशवी त्याच्या हातात द्या, आणि घरी आल्यावर पेपर पसरून भाजी त्याच्यासमोर ओता. आज्जी शेजारी पाहिजेत. तो विचारेल, "मी ही मेथी कट करू?" तुम्ही म्हणा, "कापू नको, खुड. हे बघ, कोवळं पान असं नखानं घ्यायचं. जून देठ राहू दे खाली." गवारीची पाळी आली की, "ही मोडायची. शीर निघाली बघ." तो एक-दोन शेंगा चुकीच्या मोडेल, जून देठही तुमच्या भाजीत येतील. येऊ देत. पुढच्या रविवारी तोच तुम्हाला सांगेल, आई, हे जून आहे. 'जून' म्हणजे इंग्रजी महिना एवढंच ज्याला माहीत होतं, त्या मुलाच्या तोंडात तो शब्द असा येतो. कोवळं, जून, निबर, वातड, सुकलेलं, मरगळलेलं… भाजीच्या एका ढिगात इतकी विशेषणं असतात की मला कधीकधी वाटतं, मराठीचा तास मंडईतच घ्यावा.

मार्च-एप्रिलमध्ये वर्षाची चटणी करणारच असाल. तेव्हा देठं काढणं, वाळवणं, परतणं, भाजणं, ठसका लागणं आणि शेवटी कांडप, सगळं त्याला बघू द्या. शिंका येतील, चालतंय.

ह्यात एक पथ्य आहे, ते पाळलं नाही तर सगळं मुसळ केरात. परीक्षा घ्यायची नाही. 'सांग बघू, ह्याला काय म्हणतात?' हा प्रश्न आजपासून घरातून हद्दपार. तुम्ही शब्द वापरायचा, पुन्हा वापरायचा, चार दिवसांनी तिसऱ्याच ठिकाणी वापरायचा. एकदा ऐकून शब्द कुणाचाच होत नाही. तो वेगवेगळ्या वाक्यांत, वेगवेगळ्या वेळी, दहा-बारा वेळा भेटावा लागतो, तेव्हा कुठं एके दिवशी अवचित तोंडातून बाहेर येतो. तुमच्या वहीतले शब्द रविवारपर्यंत का टिकत नाहीत, तर ते त्याला एकदाच, एकाच पानावर भेटतात आणि शेजारी तुम्ही घड्याळ बघत बसलेल्या असता. आणखी एक, कळणारे शब्द नेहमीच बोलण्यातल्या शब्दांपेक्षा जास्त असतात, तुमचे-माझेही. तो 'विसळ' म्हणत नसेल, पण 'ती वाटी विसळून दे रे' म्हटल्यावर नळाकडं जात असेल, तर तो शब्द निम्मा त्याचा झालाच.

आणि चुकलं तर? "आई, मी पेन्सिल टोक केली." इथं 'टोक केली नाही, टोक काढलं म्हण' असं म्हणू नका (माझी म्हैस आठवा). नुसतं म्हणा, "काढलंस टोक? अरे वा, चांगलं अणकुचीदार काढलंयस!" बरोबर वाक्य त्याच्या कानावर पडलं, वर एक नवा शब्द पडला, आणि त्याचं बोलणं तुटलं नाही.

आता मिस म्हणाल्या ते, घरी इंग्लिश बोला. मिसचा हेतू चांगला आहे, पण हे मी ऐकणार नाही. तुमचं इंग्रजी सराईत असेल, तुम्हाला त्यात भांडता येत असेल, लाड करता येत असतील, भुताची गोष्ट सांगता येत असेल, तर खुशाल बोला. नसेल तर घरात फक्त 'ब्रश युवर टीथ' आणि 'फिनिश युवर टिफिन' एवढंच उरतं. आज्जीचे गुडघे का दुखतात, बाबा आज का चिडलेत, शेजारच्या काकूंचं मांजर कुठं गेलं, हे बोलणंच बंद होतं. आणि शब्द वाढतात ते ह्याच बोलण्यातून. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्हीकडचे मिळून मोजावे लागतात. मिसना फक्त इंग्रजीची पिशवी दिसते, त्यांचाही इलाज नाही.

शिवाय मराठीत पक्की झालेली कल्पना इंग्रजीला उपयोगी पडते. आटणं, विरघळणं, गोठणं, उकळणं, उतू जाणं हे ज्यानं बघितलंय आणि ज्याच्याकडं त्याला शब्द आहेत, त्याला विज्ञानाच्या पुस्तकात 'इव्हॅपोरेट' आलं तर फक्त नवं नाव लक्षात ठेवायचं असतं. ज्यानं काहीच बघितलं नाही त्याला नाव आणि कल्पना दोन्ही एकदम गिळायचं असतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय. तुमचा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे, असू दे. मग तर घरातली मराठी त्याला जास्तच लागेल.

ग्रुपवरच्या तीन कोटींचं एकदा मिटवून टाकू. अमेरिकेत १९९५ साली दोन संशोधकांनी ४२ कुटुंबांतलं बोलणं टिपून, त्यावरून हिशेब मांडून तो आकडा काढला होता. म्हणणं असं की गरीब घरातल्या मुलांच्या कानावर चार वर्षांचं होईपर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलांपेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात. पुढं इतर संशोधकांनी त्या आकड्यावर हरकती घेतल्या. घरातली बाकीची माणसं बोलतात ते धरलं तर फरक तेवढा दिसत नाही, असंही एका अभ्यासात आलं. 'कायमचं मागं राहतं' हे तर फॉरवर्ड करणाऱ्यांनी वर चढवलेलं मीठ-मसाला. मला त्यापेक्षा २०१८ चा एक अभ्यास महत्त्वाचा वाटतो. चार ते सहा वर्षांच्या मुलांवरचा होता. त्यात दिसलं ते असं, की मोठी माणसं किती शब्द बोलली ह्यापेक्षा मूल आणि मोठं माणूस ह्यांच्यात बोलण्याची देवघेव किती झाली, ह्याचा मुलाच्या भाषेशी जास्त संबंध आहे. तो बोलला, तुम्ही बोललात, पुन्हा तो बोलला. टीव्ही आणि मोबाईल बोलतात पुष्कळ, पण तुमच्या मुलानं काही म्हटलं तर उलट उत्तर देत नाहीत. मोबाईलबद्दल मी ह्यापलीकडं काही बोलणार नाही, तुम्हीही ऐकून कंटाळला असाल.

'आज शाळेत काय झालं?' ह्याला 'काही नाही' हे उत्तर भारतभर मिळतं. त्याऐवजी आपलं काहीतरी सांगा. आज गॅस संपला आणि माझी कशी फजिती झाली ते. मूल ऐकतं, मग आपली फजिती सांगतं.

आणि फुटबॉल! ताई, पत्रात तुम्ही ही गोष्ट एका ओळीत उडवून लावली. तासभर बोलणाऱ्या मुलाला शब्द नाहीत असं कोण म्हणेल? पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच शाहू स्टेडियमवर बघून आलेलं पोरगं रात्री नऊला दमून आलेल्या बापाला ती सांगतंय, असं करून बघा. वडिलांनी मॅच बघितलेली नाही, हे फार चांगलं आहे. तुम्ही शेजारी बसून बघितली असेल तर 'ते त्यानं तसं केलं ना' एवढ्यावर भागतं. न बघितलेल्या माणसाला सगळं सांगावं लागतं. मिस्टरांना सांगा, जेवता जेवता फक्त विचारायचं: म्हणजे कसा? कुठनं मारला? गोलकीपर कुठं होता? मग पोराला चकवणं, हुलकावणी, निसटणं, झेपावणं, अडवणं, थोडक्यात हुकणं हे शब्द लागतात. नसतील तर वडील देतील. कोल्हापूरचा बाप आहे, त्याच्याकडं असतातच.

दुसऱ्या दिवशी पेपरातलं खेळाचं पान त्याच्यापुढं टाका. आपल्याकडं पेठांच्या मॅचची बातमी सविस्तर येते. पूर्वार्ध, उत्तरार्ध, आघाडी, बरोबरी, निर्णायक, निसटता विजय, आक्रमण, बचाव, संधी दवडली. हेच शब्द मराठीच्या पाठ्यपुस्तकात आले असते तर त्यानं नाक मुरडलं असतं. इथं तो ते गाळणार नाही, कारण मॅच त्याची आहे. अडखळला तर अर्थ सांगून मोकळ्या व्हा, थांबवून समजावत बसू नका.

वाचनाचंही इथंच सांगते. तो आठ वर्षांचा आहे, स्वतः वाचतो, म्हणून तुम्ही वाचून दाखवायचं सोडलं असेल. पुन्हा सुरू करा. बोलण्यात येत नाहीत असे शब्द पुस्तकात येतात, आणि ह्या वयात त्याला स्वतःला वाचता येतं त्यापेक्षा बरंच अवघड ऐकून कळतं. रात्री पंधरा मिनिटं पुरे. तेच पुस्तक पाचव्यांदा मागितलं तर पाचव्यांदा वाचा, शब्द मुरतो तो तिथंच. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. आणि करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून ह्या गावात आहे. तुम्ही अंबाबाईला जाता तेव्हा भवानी मंडपाजवळून जातच असाल. एकदा आत जाऊन मुलांच्या पुस्तकांची चौकशी करा. पुस्तक त्याला निवडू द्या. भुताचं निवडलं तरी.

आता एक सहल सुचवते. गुऱ्हाळं अजून थोडे दिवस चालतील. सासूबाईंच्या ओळखीनं कागलकडं एखादं सापडेलच. सकाळी लवकर जा. तिथं काय होतं ते मी कितीदा बघितलंय, तरी दरवेळी उभी राहते. चरकातून रस पडतो, चिपाडं एका बाजूला वाळत पडलेली, तीच पुन्हा चुलवाणात जळण म्हणून जातात. वर हौदासारखी रुंद काहील. रस तापला की मळी वर येते, ती काढतात. रस उकळतो, फसफसतो, बुडबुडे आधी लहान, मग जाड, मग जड. रंग बदलतो. गुळव्या बोलत नाही, बघत असतो. मध्येच पाण्यात थेंब टाकून बोटांनी त्याची गोळी होते का ते चाचपतो. मग अचानक धावपळ, काहील उतरवायची, वाफ्यात ओतायची, घोटायची. त्याआधी कुणीतरी तुमच्या मुलाच्या हातावर गरम काकवी ठेवेल आणि तो बोट भाजून घेईल.

जाताना यादी देऊ नका. 'हे बघ, हे लिहून घे' नको. आल्यावर निबंध तर अजिबात नको. वडील मॅचसारखेच इथंही आलेले नसले तर उत्तम. संध्याकाळी तो त्यांना सांगेल. 'आटलं' हा शब्द त्याला लागेलच, त्याशिवाय गूळ होत नाही. आणि तिथं तीस किलोच्या ढेपेला 'रवा' म्हणतात हे ऐकून तो हसेल, कारण घरी रवा म्हणजे उप्पीट. हसू द्या. एकाच शब्दाचे दोन अर्थ असू शकतात, हे कळायला तो क्षण चांगला आहे. त्याच जोडीला मिस्टरांनी त्याला सुटीच्या दिवशी वर्कशॉपात नेऊन एक बोल्ट हातात द्यावा आणि त्याचे आटे दाखवावेत. दूध आटतं ते वेगळं, बोल्टाला पाडतात ते आटे वेगळे. नट आट्यावर बसवून फिरवायला दिला की आटे गेले म्हणजे काय, हेही कळतं. लेथ चालू असताना मात्र लांबूनच, हे मी सांगायला नको.

शब्दांचे गोतावळेही असतात, मुलांना त्याची गंमत वाटते. झोपाळू, विसराळू, लाजाळू, मायाळू. पाणी धरलं तर पाणवठा, पाणपोई, पाणथळ, पाणचट. रंकाळ्यावर फिरताना एकानं एक म्हणायचा, दुसऱ्यानं दुसरा. मध्येच तो 'भेळाळू' असा शब्द बनवेल. बनवू दे, तो बरोबर रस्त्यावर आहे.

एक तेवढं तपासून घ्या. हाक मारल्यावर तो वारंवार 'काय?' विचारतो का, टीव्हीचा आवाज मोठा लागतो का, सर्दीनं कान सारखे दुखतात का, दोन-तीन कामं एकदम सांगितली तर गोंधळतो का? असं असेल तर कानाच्या डॉक्टरांकडून ऐकण्याची तपासणी करून घ्या, आणि बोलण्यात अडचण वाटत असेल तर स्पीच थेरपिस्टला दाखवा. फुटबॉलवर तासभर बोलणाऱ्या मुलाबद्दल मला फारशी शंका नाही, पण कमी ऐकू येत असल्यामुळं शब्द चुकणारी मुलं मी वर्गात बघितलीत, आणि त्यांना आम्ही 'लक्ष नाही' म्हणून रागावत होतो.

राहिली ती दहा शब्दांची वही. ती टाकून देऊ नका, त्यातली लिहिलेली पानं फाडा आणि कोरी त्याला द्या. तुम्ही लिहिलंय की सासूबाईंचे काही शब्द तुम्हालाही कळत नाहीत. ते कुठले, हे तुम्ही पत्रात सांगितलंच नाही, आणि मी आठवडाभर तोच विचार करतेय. पोराला वही घेऊन आज्जीकडं पाठवा. त्याला आवडतील तेवढेच त्यानं लिहावेत, कसेही, चुका करून, शेजारी चित्र काढून. त्यातले चार-पाच मला पाठवा. मला येत नसलेला एकही निघाला तर पुढच्या आठवड्यात इथं त्याच्या आज्जीच्या नावानं छापते.

– तुमची बाई